दहावीत विषय गेले तर जालन्यात कुठं जावं: फॉर्म भरणाऱ्या एका दुकानाबद्दल

जुन्या जालन्यात गांधी चमनपासून पायी जाता येईल अशा एका गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर पॅन कार्ड, आधार, पीकविमा, सातबारा, लाडकी बहीण, सगळं एका दमात लिहिलेलं. पुढं मुलगा दोन कॉम्प्युटर घेऊन बसतो. मागच्या अर्ध्या खोलीत एक टेबल, एक लाकडी बाक आणि भिंतीला टेकवून ठेवलेला वायरिंगचा जुना बोर्ड. त्या टेबलापाशी त्याचे वडील बसतात. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. निकाल लागला की पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरण्याआधी ते त्यांच्याशी बोलतात. बोलण्याचे पैसे नाहीत, फॉर्म भरायचे शंभर रुपये. दुकानाचं नाव लिहू द्या म्हटलं तर सरांनी साफ नकार दिला, आहे तीच गर्दी आवरत नाही म्हणाले. म्हणून नावाशिवाय लिहिते. गांधी चमनला कुणालाही 'आयटीआयचे सर फॉर्म भरतात ते' असं विचारा, लोक बोट दाखवतात.

मी अंबड तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. घरोघरी जाणं हेच माझं काम, त्यामुळं निकालानंतरचे आठवडे कोणत्या घरात कसे जातात ते मला दिसतं. दहावीचा निकाल १३ मे २०२५ ला लागला. राज्याचा ९४.१० टक्के, आपल्या छत्रपती संभाजीनगर विभागाचा ९२.८२. पेपरात हे आकडे चांगले दिसतात. पण शंभरातले ब्याण्णव पास होतात तेव्हा उरलेल्या सात-आठ पोरांना तोंड लपवायला गावात जागा राहत नाही. पूर्वी अर्धा वर्ग नापास व्हायचा, तेव्हा सोबत तरी असायची. आता स्टेटसला सगळ्यांच्या मार्कशीट, पेढ्याचे फोटो, फेटे. त्यात आमची भाची.

मराठी ६८, हिंदी ५७, इंग्रजी ४१, सामाजिक शास्त्रं ६१, विज्ञान ३३, गणित १९. दोन विषय गेले.

पहिले काही दिवस ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, रात्री जागी असायची. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी घरचे आधी 'आता पुढं काय' यावर भांडतात आणि पोराकडं बघायचं राहून जातं. मी १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस, सरकारची मोफत सेवा, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलतात. मी आधी बोलले, मग फोन तिच्या हातात देऊन बाहेर ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ ती बोलत होती. त्यांनी तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. बाहेर आली आणि भाकरी मागितली. ज्या घरात असं पोरगं बसलंय त्यांनी दुकान, कॉलेज, फॉर्म सगळं नंतर बघावं, आधी हा नंबर.

दुसरी अडचण दाजींची. माझे दाजी वाईट माणूस नाहीत. चार एकर रान, त्यात मोसंबी, पाण्याची ओढाताण, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. पोरगी नापास झाली तसं सोयऱ्यांनी स्थळ आणलं. "दोन विषय गेलेत, आता कशाला शिकवायलाव, चांगलं घर आहे, हुंडा मागत नाहीत." पोरगी सोळा पूर्ण. आमच्या भागात दहावीचा निकाल आणि लग्नाचा मुहूर्त यांचं जे नातं आहे ते मी इतक्या घरांत पाहिलंय, की मार्कशीटवर लाल रेघ दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. २००६ चा बालविवाहाविरुद्धचा कायदा मला तोंडपाठ आहे, गावात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो, हे सगळं मी बैठकीत सांगते. पण बहिणीच्या घरात कायदा काढला तर दाजी ऐकणार नाहीत आणि ताईचं घरात अवघड होईल हेही मला कळत होतं. मला असा माणूस हवा होता जो पोरीसमोर एक चालू रस्ता ठेवील आणि दाजींना तो पटेल.

सरांकडं जायच्या आधी आम्ही संभाजीनगरला एका करिअर मार्गदर्शन केंद्रात जाऊन आलो होतो. दाजींच्या चुलतभावाने सुचवलं होतं. वातानुकूलित ऑफिस, काचेचं दार. पाच हजार रुपये घेऊन पोरीच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि आठवड्यानं जाडजूड इंग्रजी रिपोर्ट दिला. त्यात रंगीत वर्तुळं. मेंदूचा कोणता भाग किती टक्के, संगीताची बुद्धी किती, नेतृत्व किती. शेवटी पुढच्या शिक्षणासाठी शिफारस म्हणून डॉक्टर, वकील, व्यवस्थापन, पत्रकारिता, फॅशन डिझाइन, इतकं सगळं एका यादीत. तिची मार्कशीट त्यांनी मागितलीसुद्धा नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धी मोजायच्या या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्येच जाहीर केलेलं आहे. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मला ते नंतर सांगितलं. पाच हजारांत पोरीचा वर्षभराचा प्रवास आणि वह्या-पुस्तकं झाली असती. ज्या आईबापांना बोटांचे ठसे, मेंदूचा नकाशा, जन्मतःची बुद्धी असं काही सांगून पैसे मागतील त्यांनी तिथून उठावं.

आता सरांचं दुकान.

पहिली गोष्ट जी मला आवडली ती अशी की सरांनी मला आणि दाजींना बाजूला बसवलं. "मावशी, तुम्ही तिकडं खुर्चीवर बसा. पाटील, तुम्हीबी. मी पोरीला विचारायलोय." दाजी पाटील नाहीत, पण त्या एका शब्दानं ते गप्प बसले. मग सरांनी मार्कशीट हातात घेऊन नीट वाचली. गणितापाशी थांबले नाहीत. विज्ञानापाशी थांबले.

"तेहतीस. दोनानं गेलं. कुठं गेले दोन?"

"माहीत नाही सर."

"मग बघू या ना."

त्यांनी सांगितलेली पहिली कामाची गोष्ट: विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, गणिताची मागवू नका. एका विषयाच्या छायाप्रतीला ४०० रुपये लागतात. नुसती गुणपडताळणी ५० रुपयांत होते, पण त्यात फक्त बेरीज आणि तपासायचं काही राहिलंय का ते बघतात. पेपर पुन्हा तपासून हवा असेल तर पुनर्मूल्यांकन, विषयाला ३०० रुपये, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असावी लागते. छायाप्रत हाती आली की कामाच्या पाच दिवसांत अर्ज करायचा. हे सगळं मंडळाच्या परिपत्रकात असतं, पण परिपत्रक वाचून आईबापाला कळतं का? सरांनी ते एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. गणिताचं म्हणाले, "एकोणीसमध्ये शाळेनं दिलेले अंतर्गतचे गुण धरलेत. लेखी ऐंशीपैकी हातात फारसं काहीच नाही. चारशे रुपये देऊन ते बघायचं कशाला? ते आपल्याला माहीत आहे."

छायाप्रत आली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. सरांनी ती पोरीसोबत पान पान पाहिली. कुठं तपासणी चुकलीय असं त्यांना वाटलं नाही आणि तसं सरळ सांगितलं, तीनशे रुपये वाचवा म्हणाले. फॉर्म भरून शंभर रुपये घ्यायची संधी होती, घेतली नाही. पण त्या पानांमध्ये त्यांना वेगळंच काही दिसलं. तिनं 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यावरचे प्रश्न कोरे सोडले होते. आकृती काढायला घेऊन अर्धवट टाकलेली.

"हा धडा नाही झाला का शाळेत?"

"झाला. कळला नाही."

"घरी रान आहे ना? मोटार कोण चालू करतं?"

इथं दाजी मध्येच म्हणाले, "हीच करती. रात्रीची लाईट असती, माझं गुडघ्याचं दुखणं, ही अन् हिची आई जातात."

मग सर आणि पोरगी बोलत राहिले आणि आम्ही नुसते ऐकत. मोटार चालू होते पण पाणी कमी येतं, कशामुळं? उलटी फिरायली असंल. का फिरते उलटी? डीपीवर काम करून गेले वायरमन की फेज बदलतात. मग तू काय करती? दोन वायरी आदलाबदल करती. कोणत्या दोन? कोणत्याबी दोन. तिन्ही बदलल्या तर? ती थांबली, बोटं हवेत फिरवून बघितली आणि म्हणाली, "तिन्ही एकेक घर पुढं सरकवल्या तर फिरणार नाही उलटी, होती तशीच राहील." सर खुर्चीत मागं टेकले. मला काही कळलं नाही, पण सरांचा चेहरा मला कळला. तिनं काय सांगितलं ते त्यांनी दाजींना उलगडून सांगितलं, त्यांच्या आयटीआयतल्या पोरांना हे कळायला पहिलं वर्ष जातं म्हणाले.

आणि लगेच आवाज चढवून तिला रागावले. स्टार्टर उघडायच्या आधी काय करती? मेन स्विच पाडती. टेस्टरनं बघती का? नाही. पायात काय असतं? काहीच नाही. ओल्या जमिनीवर, रात्री, अनवाणी, टेस्टरशिवाय. "पुन्हा एकटीनं स्टार्टरचं झाकण उघडायचं नाही. शिकल्याशिवाय नाही." हे दाजींकडं बघून म्हणाले. आमच्या भागात पावसाळ्यात शॉक लागून माणसं जातात, त्या घरांना भेटी द्यायला मीच जाते. त्या एका रागावण्यासाठीसुद्धा मी या दुकानाला पैकीच्या पैकी देईन.

पुढं रस्त्यांची मांडणी केली ती मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण अनेक घरांना उपयोगी पडेल.

२०२५ ची पुरवणी परीक्षा २४ जूनपासून होती. तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो, दुकानातून नाही. सरांनी मुख्याध्यापकांकडं पाठवलं. दोन्ही विषय द्यायचेच, आयटीआयला जायचं ठरलं तरी द्यायचे. कारण वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडला दहावी नापास पोरांना प्रवेश मिळतो, पण पुढं भरतीच्या जाहिराती आल्या की बऱ्याच ठिकाणी आयटीआयसोबत दहावी पासही मागतात. दोन वर्षं शिकून दारात अडकायचं नसेल तर दहावी काढून टाकायची.

दोनपर्यंत विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीलाही बसता येतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, एटीकेटीवाल्यांचा नंबर उशिरा लागतो, पण लागतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. हा रस्ताही सरांनी प्रामाणिकपणे सांगितला, फक्त एक विचारलं, "अकरावीला जाऊन मागचे दोन विषयबी काढायचे अन् पुढचे सहाबी वाचायचे. जमंल का?" पोरगी म्हणाली, नाही जमणार. विचार करून म्हणाली.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावी पास झाल्याशिवाय नाही, किमान ३५ टक्के लागतात. म्हणजे पुरवणीत निघाली तर तो दरवाजा उघडतो. त्या दरवाजानं नाही गेली तरी मागच्या बाजूनं वाट आहे: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. शिवाय दहावी पास होऊन दोन वर्षांचा आयटीआय केला आणि मंडळाचे दोन भाषा विषय दिले तर बारावीची समकक्षता मिळते. हे मला अजिबात माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी गावात 'आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं' असं ऐकत आलेय.

ज्या पोरांना थोडं दूर जायची तयारी आहे त्यांच्यासाठी संभाजीनगरच्या चिकलठाण्यातल्या दोन संस्था सरांनी सांगितल्या. इंडो-जर्मन टूल रूम, तिथं दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. आणि सीपेट, तिथं प्लास्टिक तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा. दोन्हीकडं प्रवेश परीक्षा असते. आमच्या पोरीला यंदा त्याचा उपयोग नव्हता, पण बाकावर शेजारी बसलेल्या बदनापूरच्या एका मुलानं ते ऐकून वहीत उतरवून घेतलं. त्याला दहावीत ५८ टक्के होते आणि घरचे त्याला नापास झाल्यासारखं वागवत होते. सरांनी त्याच्या आईला विचारलं, "अठ्ठावन्न कमी कुणी ठरवलं?" ती माउली रडायलाच लागली.

पण बोलण्यावर सर निर्णय घेऊ देत नाहीत, हे या सेवेचं खरं मोल. फॉर्म भरायच्या आधी त्यांनी आम्हाला शासकीय आयटीआयमध्ये पाठवलं. जा, वर्कशॉप बघा, पोरीला तिथं तासभर उभी राहू द्या, मग या. मी नेलं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून हे येणं-जाणं परवडतं. आयटीआयची परीक्षा तोंडावर होती, तरी तिथल्या निदेशकांनी आत नेलं. लांबलचक शेड, भिंतीला लावलेले लाकडी बोर्ड, त्यावर प्रत्येकाचं वायरिंग. एका बोर्डावर जिन्याची वायरिंग होती, खालून दिवा लावायचा, वर जाऊन बंद करायचा. भाचीनं ती वायर बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत माग काढत पाहिली. निळ्या ॲप्रनमधल्या दोन-तीन मुली होत्या. त्यातली एक परतूरकडची, रोज रेल्वेनं येते. तिनं भाचीच्या हातात तारेचे दोन तुकडे देऊन जोड कसा मारायचा ते दाखवलं. सरळ जोड, टी जोड, आणि मॅरीड जोड, ज्यात दोन्ही तारांचे पदर एकमेकांत गुंफतात. भाचीचा पहिला जोड सुटला. दुसरा ओढून पाहिला, सुटला नाही. त्या मुलींनी तिला मार्क विचारले नाहीत. मुलींसाठी शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा राखीव असतात हेही तिथंच कळलं.

दाजींना सरांनी कसं समजावलं ते सांगायला हवं. कायद्याचं नाव न घेता ते म्हणाले, "पाटील, पोरगी सोळाची. अठराच्या आत तसंही काही करता येत नाही, तुम्हीबी अडकताल, जावईबी अडकंल. ट्रेड दोन वर्षांचा आहे. ही दोन वर्षं ती घरात बसून काढंल का हातात कसब घेऊन काढंल, एवढंच ठरवायचंय." मला हे पूर्ण आवडलं असं नाही. अठरा झाली की लगेच लग्न असा त्याचा अर्थ निघू शकतो, आणि माझी लढाई तेवढ्यासाठी नाही. तिथून बाहेर पडल्यावर मी सरांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, दोन वर्षांनी पोरगीच बोलेल, तेव्हा तिला बोलता येत असेल. दाजींनी मात्र त्या दिवशी सोयऱ्यांना फोन करून थांबा म्हटलं. एवढं काम माझ्या कितीतरी बैठकांनी झालं नसतं.

शेवटी ठरवलं ते पोरीनं ठरवलं. पुरवणीला दोन्ही विषय. सोबत आयटीआयचा अर्ज, पहिल्या पसंतीला वायरमन. निकाल येईपर्यंत फेऱ्या चालू असतील आणि ती पास झाली तर इलेक्ट्रिशियनचं बघायचं, कारण त्याला दहावी पास लागते. नाहीतर वायरमनलाच राहायचं. गणितासाठी सरांनी शिकवणी लावायला सांगितली नाही. शाळेतल्या गणिताच्या मॅडमकडं पाठवलं आणि सोबत चिठ्ठी दिली: बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन आणि सांख्यिकी, भूमितीत पायथागोरस, रचना आणि निर्देशक भूमिती, एवढं पक्कं करा, बाकीचं जमेल तसं. मॅडम सुट्टीत घरी बोलावून शिकवतायत. विज्ञानाचा तो कोरा सोडलेला धडा ती आता स्वतः वाचते. परवा रात्री फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मला हाताची बोटं ताणून समजावून सांगत होती.

आता या दुकानातल्या उणिवा, कारण त्याही आहेत.

बसायला जागा नाही. एक बाक, त्यावर सहा जण, बाकीचे गल्लीत उन्हात. लांबून आलेल्या बायांना-मुलींना स्वच्छतागृह नाही, शेजारच्या घरात विचारावं लागतं. नंबर लावायची पद्धत नाही, जो पुढं सरकेल त्याचा नंबर. मुलाला दोन-तीनदा सांगितलं की टोकन दे, तो हसतो आणि पॅन कार्ड काढत राहतो. दुपारी सर्व्हर बंद पडला की सगळं ठप्प, आणि तसं फोनवर कळवायची सोय नाही.

सगळ्यात मोठी खटकणारी बाब म्हणजे तिथं आडपडदा नाही. सर मार्कशीट मोठ्यानं वाचतात. त्यांच्या मनात काही नसतं, पण बाकावर अनोळखी माणसं असताना 'गणित एकोणीस' ऐकलं तेव्हा भाचीची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. मी सरांना हे सांगितलं आहे. नापास झालेल्या मुलाशी बोलायचं तर एक पडदा तरी हवा, निदान आवाज तरी बारीक हवा.

आणि सरांची ओढ आयटीआयकडं आहे. आयुष्य तिथं गेलं, त्यामुळं ते साहजिक आहे, पण जाणाऱ्यानं ते लक्षात ठेवावं. तांत्रिक बाजूचं त्यांचं ज्ञान पक्कं, नर्सिंग, कला शाखा, वाणिज्य, स्पर्धा परीक्षा याबद्दल विचारलं की ते दोन वाक्यांत आटोपतात. माझ्यासमोर एका मुलीनं चित्रकलेचं विचारलं तर "ते मला माहीत नाही" म्हणाले. प्रामाणिकपणा आहे, पण तिला कुणाकडं पाठवायचं तेही त्यांच्याकडं नव्हतं. बारावी विज्ञान किंवा नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून जाणार असाल तर हे दुकान तुमच्यासाठी नाही. मुलींच्या वसतिगृहाची माहितीही त्यांच्याकडं जुनी होती, आम्हाला ती संस्थेत जाऊन विचारावी लागली.

हे सगळं धरून मी पाचपैकी चार देते. संभाजीनगरच्या त्या काचेच्या दाराआड पोरीला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. इथं तिला विचारलं, तिच्या उत्तराची वाट पाहिली आणि मग फॉर्म उघडला. निकालात मार खाल्लेल्या पोराला आपल्यालाही काहीतरी येतं हे त्याच्याच तोंडून बाहेर काढणारं माणूस मिळणं आमच्या भागात फार अवघड आहे.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत पोहोचा, तेव्हा सर निवांत बोलतात. अकरानंतर पीकविम्याची आणि दाखल्यांची गर्दी सुरू होते. सोबत मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला असेल तर तो, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, दोन फोटो, आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो मोबाइल, चार्ज करून. आमच्यासमोर एका घराचा फॉर्म फक्त यामुळं राहिला की नंबर वडिलांचा आणि वडील पुण्याला कामावर, फोन बंद. दाखले अजून निघाले नसतील तर तहसीलला आजच अर्ज टाका, जूनमध्ये तिथं रांग लागते. पोराला सोबत नेल्याशिवाय जाऊ नका, नुसते आईबाप आले तर सर परत पाठवतात. आणि पाण्याची बाटली न्या.

पुरवणीचा निकाल आणि आयटीआयची यादी लागली की इथंच खाली लिहीन.